पित्ताची वाट

बोर्ली पंचतनच्या बाजारात भरडखोल, दिघी, श्रीवर्धनच्या जीवना बंदराकडून मासळी येते. तांबोशीसारखा जरा मोठा मासा घेतला आणि साफ करून मागितला, की कोळीण तो कसा चिरते ते नीट बघावं. खवले खरवडताना, पर कापताना तिचा हात भराभर चालतो. पोट उघडलं की मात्र तो क्षणभर मंदावतो. तपकिरी काळजाच्या कडेला एक हिरवट पिशवी असते. ती अलगद सोडवून बाजूला टाकायची. फुटली तर आजूबाजूचं मांस कडू होतं आणि मग कितीही धुतलं, चिंच-कोकम लावलं तरी कडवटपणा जात नाही. किनाऱ्यावरच्या घरांत हे शहाणपण पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आहे.

ती पिशवी म्हणजे पित्ताशय आणि ते तपकिरी काळीज म्हणजे यकृत. किनाऱ्यावरच्या माणसाने हे दोन्ही अवयव हजारदा पाहिलेले असतात, पण मेलेल्या माशात. मेलेल्या माशातल्या यकृताचा आकार, रंग, वजन सगळं कळतं, पण त्याचं काम दिसत नाही. कारण यकृताचं काम म्हणजे अखंड वाहतूक. एका बाजूने रक्त येतं, दुसऱ्या बाजूने पित्त जातं, आणि मधल्या पेशी यातलं काय ठेवायचं, काय बदलायचं, काय टाकून द्यायचं ते ठरवत असतात. जीव गेला की ही वाहतूक थांबते. ती चालू असताना, यकृताला धक्का न लावता पाहता येईल का, हा या प्रकरणाचा विषय आहे. त्याचं उत्तर तीन-चार सेंटिमीटर लांबीच्या माशांनी दिलं.

आधी अडचण काय होती ते बघू. माणसाचं यकृत साधारण दीड किलोचं असतं. आतड्यातून निघालेलं रक्त शरीरात सगळीकडे जाण्याआधी यकृतातून जातं, त्यामुळे खाल्लेलं-प्यालेलं, औषध, दारू, विष सगळं पहिल्यांदा यकृताच्या हाती लागतं. शिवाय तांबड्या पेशींचं आयुष्य सुमारे १२० दिवसांचं. त्या मोडल्या की बिलिरुबिन नावाचा पिवळा पदार्थ तयार होतो. यकृताच्या पेशी तो रक्तातून उचलतात आणि पित्तात सोडतात. हे काम बिघडलं की तो रक्तातच साठतो आणि डोळे पिवळे दिसायला लागतात. कावीळ झाली असं आपण म्हणतो ती हीच.

कोकणाला कावीळ नवी नाही. पावसाळ्यात विहिरीत घाण पाणी शिरलं की हिपॅटायटिस ए आणि ई पसरतात. लावणीच्या दिवसांत चिखलात उघड्या पायांनी काम करणाऱ्याला लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) लागण होते आणि त्यातही अंग पिवळं पडतं. गावोगावी काविळीवर भुईआवळीचा रस देणारे असतात, माळ घालणारे असतात. बरेच रोगी आपसूक बरेही होतात, कारण हिपॅटायटिस ए बहुतेकांत आपणहून उतरतो. पण डॉक्टरांपुढचा खरा प्रश्न वेगळा असतो. यकृताच्या पेशी आजारी आहेत, की पेशी धडधाकट असून पित्ताची वाट कुठेतरी अडली आहे? बाहेरून दोन्ही रोगी सारखेच पिवळे दिसतात.

या प्रश्नाचं उत्तर शोधण्याचा जुना मार्ग म्हणजे यकृताचा बारीक तुकडा काढायचा, फॉर्मलिनमध्ये टिकवायचा, मेणात बसवायचा, पातळ काप करून रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. वैद्यकशास्त्राने या पद्धतीने अफाट ज्ञान मिळवलं आणि आजही त्याशिवाय चालत नाही. तरी तिच्यात एक कायमचं वैगुण्य आहे. यकृताच्या दोन शेजारच्या पेशींच्या मध्ये पित्ताची सर्वांत बारीक वाट असते. तिची रुंदी जेमतेम एक-दोन मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग किंवा त्याच्या दुप्पट. कापात ही वाट आडवी-तिरकी छेदली जाते, कुठे मिटते, कुठे दिसतच नाही. ती पुढे कुठे जाते, कुणाला मिळते, तिच्यातून काय वाहत होतं, याचा नुसता अंदाज बांधावा लागतो.

जिवंत प्राण्यात डोकावायचं तर कातडी आड येते. कातडीतलं रंगद्रव्य प्रकाश शोषतं आणि आतल्या पेशी तो इकडेतिकडे विखुरतात. उंदराच्या यकृतात बघायचं तर शस्त्रक्रिया करून पोट उघडावं लागतं. म्हणजे हवा होता असा पाठीचा कणा असलेला प्राणी, ज्याचं यकृत आपल्यासारखंच पित्त करतं आणि ज्याच्या अंगातून आरपार दिसतं. असे प्राणी होते आणि ते आपल्या ओढ्यांत नि खाड्यांत पोहत होते.

त्यांच्याकडे वळण्याआधी उजेडाबद्दल थोडं सांगायला हवं. साधा दिवा लावून पारदर्शक माशाकडे पाहिलं तर सगळंच अर्धपारदर्शक दिसतं आणि एक अवयव दुसऱ्यापासून ओळखता येत नाही. म्हणून प्रतिदीप्ती कामाला येते. काही रेणूंवर निळा उजेड पडला की ते तो शोषून घेतात आणि लगेच हिरवा उजेड बाहेर टाकतात. घेतलेल्या उजेडापेक्षा टाकलेल्या उजेडाची तरंगलांबी जास्त असते, त्यामुळे मधे योग्य गाळणी बसवली की निळा उजेड अडतो आणि फक्त हिरवा डोळ्यापर्यंत पोचतो. काळ्याभोर पार्श्वभूमीवर तेवढीच जागा चमकते. यकृताच्या पेशींतच हा रेणू असेल तर फक्त यकृत दिसेल, पित्तात असेल तर फक्त पित्ताची वाट दिसेल.

हा रेणू समुद्रातूनच आला. जपानी रसायनशास्त्रज्ञ ओसामु शिमोमुरा यांनी १९६२ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पकडलेल्या इक्वोरिया व्हिक्टोरिया या जेलीफिशपासून चमकणारी प्रथिनं वेगळी केली. त्यातलं हिरवं चमकणारं प्रथिन पुढे जीएफपी या नावाने जगभर गेलं. त्याचं जनुक डग्लस प्रॅशर यांनी १९९२ मध्ये वेगळं केलं. ते जनुक दुसऱ्या जिवात घातलं तर तोही चमकतो हे मार्टिन चाल्फी यांनी १९९४ मध्ये दाखवलं आणि रॉजर त्सिएन यांनी त्याच्यापासून अनेक रंग घडवले. शिमोमुरा, चाल्फी आणि त्सिएन यांना २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. मालवणात जन्मलेले शंकर पुरुषोत्तम आघारकर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सह्याद्रीतल्या नद्यांत गोड्या पाण्यातला जेलीफिश शोधला होता, हे मराठी वाचकाने इथे आठवावं असं मला फार वाटतं. तो जेलीफिश वेगळा, त्याचा या रेणूशी संबंध नाही. पण पुण्यातल्या ज्या संशोधन संस्थेला आज आघारकरांचं नाव आहे तिथे झेब्राफिश या चिमुकल्या माशाच्या हृदयावर काम चालतं, आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत महेंद्र सोनावणे यांच्या गटाने याच माशाच्या त्वचेच्या पेशींचा अभ्यास केला आहे. म्हणजे जिवंत माशात डोकावणारी नजर महाराष्ट्रात आहे, फक्त ती इतर अवयवांवर रोखलेली आहे.

नुसता चमकणारा रेणू असून भागत नाही. सूक्ष्मदर्शक ज्या पातळीवर रोखलेला असतो तिच्या वरच्या आणि खालच्या पेशीही चमकत असतात आणि चित्र धुरकट होतं. मार्व्हिन मिन्स्की यांनी १९५७ मध्ये यावर एक युक्ती पेटंटसाठी मांडली. परत येणाऱ्या उजेडाच्या वाटेत सुईच्या टोकासारखं छिद्र ठेवायचं. नेमक्या पातळीवरून आलेला उजेड छिद्रातून जातो, वरखालून आलेला कडेला आपटून थांबतो. हाच कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक. लेझरचा ठिपका एक पातळी फिरून येतो, मग सूक्ष्मदर्शक थोडा खाली सरकतो, पुन्हा फिरतो, आणि शंभर-दोनशे पातळ्या संगणकात एकावर एक बसवल्या की जिवंत यकृताची घनाकृती तयार होते. सुरी न लावता केलेले हे काप आहेत. पुढे २००४ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी लेझरचा ठिपका न वापरता उजेडाचा पातळ पडदा बाजूने आत सोडण्याची पद्धत दाखवली. त्यात पेशींना उजेड कमी भाजतो. तिच्या पहिल्या नमुन्यांत मेदाका या जपानी माशाचा भ्रूण होता. मेदाकाकडे आपण थोड्या वेळाने येऊ.

आता मासा. अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात निळ्या पट्ट्यांचा चिमुकला झेब्रा डॅनिओ, म्हणजेच झेब्राफिश, मिळतो तो मूळचा आपल्याकडचाच. गंगेच्या खोऱ्यातले मासे नोंदवणाऱ्या फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये त्याचं वर्णन केलं. दीडशे वर्षांनी ओरेगॉन विद्यापीठात जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी त्याला प्रयोगशाळेत आणलं. कारण साधं होतं. अंडी आईच्या पोटाबाहेर वाढतात, आरपार दिसतात आणि भराभर वाढतात. एका दिवसात हृदय धडधडायला लागतं, दोन-तीन दिवसांत पिल्लू अंड्यातून बाहेर येतं आणि पाचव्या दिवशी त्याचं यकृत कामाला लागलेलं असतं. त्या वेळी पिल्लाची लांबी सुमारे चार मिलिमीटर असते. पहिल्या दिवसापासून पाण्यात फिनाइलथायोयुरिया हे रसायन घातलं तर काळं रंगद्रव्य तयार होत नाही आणि पिल्लू स्वच्छच राहतं.

प्रयोगाची तयारी जवळून पाहण्यासारखी असते. पिल्लू ट्रायकेन या भूल देणाऱ्या औषधाच्या पाण्यात काही मिनिटं ठेवतात, मग त्याची शेपटी हलायची थांबते पण हृदय चालू राहतं. कमी तापमानाला पातळ राहणाऱ्या अ‍ॅगरोजचा एक थेंब काचेवर घेऊन त्यात ते अलगद सोडतात. झेब्राफिशचं यकृत या वयात बरंचसं डावीकडे असतं, म्हणून केसाइतक्या बारीक तारेने पिल्लू ढकलून डावी बाजू भिंगाकडे वळवावी लागते. अ‍ॅगरोज घट्ट व्हायला मिनिटभर लागतं आणि तेवढ्यात पिल्लू नीट बसवता आलं नाही तर पुन्हा पहिल्यापासून. त्यावर पाणी घालून तापमान २८ अंशांच्या आसपास ठेवलं की पिल्लू तासन्‌तास जिवंत राहतं.

यकृताच्या अगदी समोर हृदय असतं आणि ते मिनिटाला शंभराहून जास्त ठोके देतं. प्रत्येक ठोक्याला यकृत हलतं. त्यामुळे एक पातळी टिपून होईपर्यंत पेशी सरकलेली असते. यावर उपाय दोनच, चित्र वेगाने टिपायचं किंवा हृदयाच्या ठोक्याशी ताल जुळवून टिपायचं. शिवाय लेझरचा उजेड जास्त वेळ पडला की चमकणारे रेणू विझतात आणि पेशींनाही इजा होते. चांगलं चित्र मिळवायला उजेड वाढवावा तर आपण जे बघायला आलो तेच बिघडायचा धोका. या कामात वर्षानुवर्षं घालवलेल्या माणसाची कसोटी इथेच लागते. किती कमी उजेडात थांबायचं, हे त्याला कळलेलं असतं.

सगळं जमलं की जे दिसतं त्याची तोड नाही. यकृताच्या पेशी बहुकोनी, एकीला एक लागून बसलेल्या. त्यांच्या मधल्या बारीक रक्तवाहिन्यांतून तांबड्या पेशी एकामागून एक, कधी वाकून, कधी अडखळून पुढे सरकतात. पेशीच्या एका तोंडाला रक्त आणि दुसऱ्या तोंडाला पित्त, आणि दोन्ही एकमेकांत मिसळू नयेत म्हणून शेजारच्या पेशी घट्ट टाचलेल्या. ही टाचणी सुटली तर कावीळ होते, हे पाठ्यपुस्तकातलं वाक्य इथे डोळ्यांसमोर घडताना दिसतं.

पित्ताची वाट दाखवणारी सर्वांत सुंदर युक्ती स्टीव्हन फार्बर, मायकेल पॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मांडली. त्यांनी एक स्निग्ध पदार्थ बनवला. त्यात चमकणारा रेणू होता आणि त्याच्या शेजारीच त्याची चमक दाबून टाकणारा दुसरा रेणू. पिल्लाच्या पाण्यात तो नुसता घातला तर तो चमकत नाही. पिल्लाने तो गिळला आणि आतड्यातल्या विकराने तो तोडला की दोन रेणू वेगळे होतात, चमक मोकळी होते. मग ती आतड्यातून यकृतात, यकृतातून पित्तात जाते आणि थोड्याच वेळात पिल्लाच्या पोटात एक गोल हिरवा ठिपका उजळतो. तो पित्ताशय. कोळीण जी पिशवी फुटू नये म्हणून जपते तीच, फक्त इथे ती जिवंत माशात भरताना दिसते. ठिपका उजळला म्हणजे गिळणं, पचन, शोषण, यकृत आणि पित्ताची वाट सगळं ठीक आहे. नाही उजळला तर या साखळीत कुठेतरी खोट आहे. हजारो पिल्लं एकाच वेळी तपासायची झाली तरी साधा प्रतिदीप्ती-सूक्ष्मदर्शक पुरतो.

या हिरव्या ठिपक्याने एक जुनं कोडं सोडवलं. ती गोष्ट मला या सगळ्या विषयातली सर्वांत मोलाची वाटते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

काही बाळांत जन्मानंतरच्या काही आठवड्यांत यकृताबाहेरच्या पित्तनलिका बुजून जातात. बाळ पिवळं दिसतं, लघवी गडद होते आणि शी पांढुरकी, मातकट होते, कारण शीला रंग देणारं पित्त आतड्यात पोचतच नाही. नवजात बाळाची साधी कावीळ दोन आठवड्यांत ओसरते. ही ओसरत नाही. जपानचे मोरिओ कासाई यांनी १९५० च्या दशकात यावर शस्त्रक्रिया काढली. बाळ दोन महिन्यांचं व्हायच्या आत ती झाली तर तिचा उपयोग जास्त होतो. एवढ्यावरही बऱ्याच मुलांना पुढे यकृत बदलावं लागतं, आणि मुलांमधल्या यकृत प्रत्यारोपणाचं सर्वांत मोठं कारण हाच आजार आहे. म्हणून दोन आठवड्यांपुढे बाळ पिवळं राहिलं आणि शी पांढुरकी होत असेल तर झाडपाल्यात दिवस घालवू नयेत, ही गोष्ट प्रत्येक घरात माहीत असायला हवी.

आजार का होतो ते कळत नव्हतं. धागा सापडला तो ऑस्ट्रेलियातल्या मेंढ्यांत. न्यू साउथ वेल्समध्ये १९६४, १९८८ आणि २००७ साली अशी कोकरं जन्मली की त्यांच्या पित्तनलिका बुजलेल्या होत्या. प्रत्येक वेळी दुष्काळ होता. धरणाचं पाणी ओसरल्यामुळे एरवी बुडालेली जमीन उघडी पडली होती आणि गाभण मेंढ्या त्या जमिनीवर उगवलेलं तण चरल्या होत्या. ते डिस्फेनिया या वंशातलं तण होतं. मेंढ्यांना स्वतःला फारसं काही झालं नाही. आघात पोटातल्या कोकरांवर झाला.

तणात विष आहे हे दिसत होतं, पण वनस्पतीत शेकडो रसायनं असतात. त्यातलं कुठलं? प्रत्येक रसायन गाभण मेंढीला देऊन बघणं शक्यच नव्हतं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मायकेल पॅक, रेबेका वेल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम झेब्राफिशच्या पिल्लांवर सोपवलं. तणाचा अर्क काढला, तो रसायनशास्त्राच्या पद्धतीने वाटत वाटत वेगळा केला आणि प्रत्येक वाटा पिल्लांच्या पाण्यात घातला. ज्या वाट्यात हिरवा ठिपका विझला तो पुन्हा वाटला, पुन्हा तपासला. शेवटी एकच रेणू हाती राहिला. २०१५ मध्ये तो जाहीर झाला आणि त्याला बिलिअ‍ॅट्रेसोन हे नाव मिळालं. पिल्लांमध्ये त्याने यकृताबाहेरच्या नलिका आणि पित्ताशय बिघडवले, यकृताच्या आतल्या वाटा सुरुवातीला शाबूत राहिल्या. बाळांच्या आजाराचं चित्रही असंच असतं. हा रेणूच बाळांच्या आजाराचं कारण आहे असं यातून ठरत नाही. पण बाहेरून आलेलं एक विष नेमकं याच नलिकांवर घाव घालू शकतं, हे सिद्ध झालं आणि त्याच्यामुळे पेशींत काय बिघडतं याचा शोध सुरू करता आला.

यकृत पुन्हा वाढतं हे आपण ऐकलेलं असतं. ते कसं वाढतं हेही माशातच पाहता आलं. जिवाणूचं एक जनुक फक्त यकृताच्या पेशींत घालायचं आणि पाण्यात मेट्रोनिडाझोल टाकायचं. जुलाबावर डॉक्टर देतात तेच औषध. त्या पेशींत त्याचं विष बनतं आणि फक्त त्याच मरतात, बाकीचा मासा सुखरूप राहतो. मग पाणी बदलायचं आणि बघत बसायचं. २०१४ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं की यकृताच्या जवळजवळ सगळ्या पेशी गेल्या तर पित्तनलिकांच्या पेशी स्वतःचं रूप बदलून यकृताच्या पेशी होतात. दारूचाही असाच अभ्यास झाला. चार दिवसांच्या पिल्लांना दोन टक्के अल्कोहोलच्या पाण्यात दीडेक दिवस ठेवलं की त्यांच्या यकृतात चरबी साठायला लागते.

झेब्राफिशला एक मर्यादा आहे. मोठा झाला की त्याच्या अंगावर पट्टे येतात आणि आतलं दिसेनासं होतं. मोठ्या, पूर्ण वाढलेल्या यकृताकडे बघायचं तर काय? याचं उत्तर मेदाकाने दिलं. हा जपानच्या भातखाचरांतला तीन-चार सेंटिमीटरचा मासा. जपानी लोक तो पूर्वीपासून घरी पाळत आले आहेत. १९९४ मध्ये कोलंबिया यानातून तो अंतराळात गेला, तिथे त्याने अंडी घातली आणि पिल्लंही झाली. नागोया विद्यापीठात रंगद्रव्यांत खोट असलेल्या मेदाकांचे वाण जपलेले होते. युको वाकामात्सु आणि सहकाऱ्यांनी त्यांचे संकर करत करत २००१ मध्ये असा मेदाका तयार केला की तो आयुष्यभर आरपार दिसतो. त्याचं हृदय, प्लीहा, आतडं, यकृत नुसत्या डोळ्यांनी दिसतं.

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात डेव्हिड हिंटन आणि रोनाल्ड हार्डमन यांच्या गटाने या पारदर्शक मेदाकाला चमकणारे रंग दिले आणि कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाखाली त्याचं जिवंत यकृत पाहिलं. त्यांचं काम २००७ मध्ये प्रसिद्ध झालं. रंग रक्तातून पेशीत शिरतो, पेशी ओलांडतो आणि पलीकडच्या पित्ताच्या वाटेत उतरतो, हे मिनिटामिनिटाला टिपलं गेलं. दिवेआगरच्या सुपारीच्या वाडीत पाटाचं पाणी मोठ्या पाटातून लहान पाटात आणि तिथून प्रत्येक झाडाच्या आळ्यात जातं. यकृतात दिशा उलटी. प्रत्येक पेशीपासून निघालेला बारीक ओघळ दुसऱ्याला मिळतो, मग मोठ्या वाटेला, आणि शेवटी पित्ताशयाला. कापांवरून हे जाळं कसं असेल याबद्दल मतभेद होते. घनाकृतीत ते यकृतभर सलग पसरलेलं दिसलं. आपल्या यकृतात रक्तवाहिन्या आणि पित्तनलिका ठरावीक कोपऱ्यांवर एकत्र येतात, तशी मांडणी इथे नव्हती. पेशी नळीसारख्या रचलेल्या आणि नळीच्या मधोमध पित्ताची वाट.

म्हणजे माशाचं यकृत हे माणसाच्या यकृताची छोटी प्रत नाही, आणि ही गोष्ट विसरून काढलेले निष्कर्ष फसतात. झेब्राफिशच्या पित्तातले क्षारसुद्धा आपल्यापेक्षा वेगळे आहेत. तरी पेशीच्या दोन तोंडांचं काम, विष उतरवणारी विकरं, पित्त बाहेर ढकलणारी प्रथिनं हे सगळं बऱ्याच अंशी सामाईक आहे. मूळ प्रश्न माशात विचारावा आणि उत्तर माणसात पडताळावं, हाच रस्ता.

आता आपल्या किनाऱ्याकडे. मेदाकाचा एक सख्खा नातलग इथे राहतो. चंद्रशेखर कुलकर्णी या मुंबई इलाख्याच्या मत्स्य विभागातल्या संशोधकाने १९४० मध्ये कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमच्या नियतकालिकात एका अगदी अनोख्या माशाचं वर्णन प्रसिद्ध केलं. मासा जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरचा, चपटा, जवळजवळ पारदर्शक. सुंदरलाल होरा आणि एस. बी. सेटना या दोघा मत्स्यशास्त्रज्ञांच्या सन्मानार्थ त्याचं नाव ठेवलं होराइक्थिस सेटनाय. तो इतका वेगळा होता की कुलकर्णींनी त्याच्यासाठी नवं कुळच मांडलं. नराच्या गुदपराचे पुढचे सहा काटे वेगळे होऊन त्यांचं एक अवजार बनलेलं असतं. त्याने तो शुक्रपेशींची इवलीशी पुडी मादीला चिकटवतो. मादीला उजवीकडचा श्रोणीपर नसतोच. मादी जी अंडी घालते ती आधीच फलित झालेली असतात. माशाची रचना, सवयी, भ्रूणाची वाढ हे सगळं कुलकर्णींनी एका माणसाच्या चिकाटीने नोंदवलं. पुढे मत्स्य खात्यात मोठ्या पदावर गेल्यावर आणि नंतरही त्यांनी महसीर माशासाठी केलेलं लोणावळ्याचं काम बऱ्याच जणांना माहीत असतं. या छोट्या माशाचं काम फार थोड्यांना ठाऊक आहे.

नंतरच्या वर्गीकरणात हा मासा मेदाकाच्याच कुळात आणि अखेर त्याच्याच वंशात गेला. आता त्याचं नाव ओरायझियस सेटनाय. कच्छच्या आखातापासून तिरुवनंतपुरमपर्यंत किनाऱ्यालगतच्या गोड्या आणि मचूळ पाण्यात तो राहतो. बोर्लीचा किनारा याच पट्ट्यात येतो. इथे भरतीचं पाणी खाजणात शिरतं आणि पावसाचं पाणी बांधाच्या उघडीतून खाडीत उतरतं, आणि असं गोडं-खारं मिसळलेलं पाणी हेच त्याचं घर. मेदाकाच्या वाट्याला शुद्ध वाण, जपलेले साठे, २००७ मध्ये वाचलेला जीनोम आणि जगभरच्या प्रयोगशाळा आल्या. त्याच्या या कोकणी भावंडाच्या वाट्याला त्यातलं काही आलं नाही. पाळीव मासा म्हणून शेकडो वर्षांची सवय, रोज अंडी घालण्याची तऱ्हा या गोष्टी मेदाकाच्या पथ्यावर पडल्या, हे खरं. पण दुसरं एक उदाहरण समोर आहे. भारताच्या किनाऱ्यावर सापडणारा ओरायझियस मेलास्टिग्मा हा त्याच वंशातला मासा समुद्री मेदाका म्हणून हाँगकाँगच्या प्रयोगशाळांत पोचला. समुद्राच्या पाण्यातली विषारी रसायनं माशाच्या यकृताचं काय करतात, हे तिथे त्याच्यावर तपासलं जातं. गोड्या पाण्यातल्या झेब्राफिशला हे काम जमत नाही.

महाड आणि रोह्याच्या औद्योगिक वसाहतींचं पाणी सावित्री आणि कुंडलिकेतून खाड्यांना मिळतं. नदी तपासायची म्हणजे बाटलीत पाणी भरून प्रयोगशाळेत न्यायचं, ही आपली रीत. त्यातून पाण्यात त्या क्षणी काय होतं ते कळतं. त्या पाण्यात महिनोन्‌महिने जगलेल्या जिवाच्या पेशींनी काय सोसलं ते त्यातून कळत नाही, आणि ते सगळ्यांत आधी यकृतात दिसतं. त्यासाठी आधी हा मासा प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवता यायला हवा. स्वच्छ पाण्यातल्या त्याच्या यकृताचं चित्र आधी पक्कं करायला हवं. मगच बिघडलेल्या चित्राला काही अर्थ येतो. पुण्या-मुंबईत सूक्ष्मदर्शक आहेत, ते चालवणारी माणसं आहेत, आणि खाजणातल्या उघडीपाशी बारीक जाळं धरून उभं राहायला बोर्ली-दिवेआगरकडच्या मुलांना कुणी शिकवावं लागत नाही.